रोज ब्रश मारूनही पूल टेबल निळंच का राहतं? चॉकच्या धुळीचं निदान आणि इलाज

तक्रार बहुतेक पूल पार्लरमध्ये सारखीच असते. सकाळी टेबलावर ब्रश फिरलेला असतो, बॉल पुसून ठेवलेले असतात. संध्याकाळची गर्दी होईपर्यंत क्यू बॉलवर, म्हणजे ज्याला काठीने मारतात त्या पांढऱ्या बॉलवर, निळे ठिपके उमटतात, ब्रेक म्हणजे पहिला फटका मारतात त्या बाजूच्या कापडावर भुरकट निळा पट्टा दिसू लागतो, आणि रेलवर, म्हणजे टेबलाच्या काठावर, हात टेकला की शर्टाची बाही निळी होते. एखादा सरळ सोपा पॉट (बॉल पॉकेटमध्ये घालायचा फटका) विनाकारण जाड, म्हणजे हवा त्यापेक्षा भरून, लागतो आणि बॉल पॉकेटच्या तोंडाशी दोन्हीकडे आपटून बाहेर येतो. मग कोणी कापडाला बोल लावतं, कोणी साफ करणाऱ्या पोराला. शेवटी मालक वैतागून नवीन कापड घालतो आणि काही महिन्यांत पुन्हा जैसे थे.

साफसफाई वाढवून हे थांबत नाही, कारण घाण येण्याची वाट उघडीच राहते. चॉक म्हणजे क्यूच्या, खेळायच्या काठीच्या, टिपला (चामड्याच्या टोकाला) घासायचा रंगीत खडा. तो टेबलावर पडतो तो खेळणाऱ्यांच्या हातून. एकदा पडला की बॉल त्याला टेबलभर फिरवतात. चॉक लावायची जागा बदलली आणि बॉल खरोखर स्वच्छ ठेवले, की कापड साफ करायचं काम आपोआप निम्म्यावर येतं. हे दोन्ही होत नसेल तर दिवसातून तीनदा ब्रश मारला तरी धूळ इकडची तिकडे होते, एवढंच.

आधी घाण कोणती आहे ते ओळखा

एक पांढरं, कोरडं सुती फडकं घ्या. क्यू बॉल त्यात धरून घट्ट फिरवा. मग त्याच फडक्याचा दुसरा कोपरा कापडावर ब्रेकच्या जागी दाबून पुसा, तिसरा रेलवर, आणि चौथा पॉकेटच्या आतल्या बाजूला किंवा बॉल परत येतो त्या नळीच्या तोंडाशी.

निळा डाग म्हणजे चॉक, हे सरळ आहे. पांढरट, गुळगुळीत थर आला तर ती हाताला लावायची पावडर. काळपट चिकट डाग म्हणजे क्यूच्या दांड्यावरचा घाम-मळ, नाहीतर वेफर्स आणि वडापावचं तेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, म्हणून ही तपासणी टाळू नका.

कापडावर बारीक पांढरे ठिपके दिसत असतील आणि ते फडक्याला लागत नसतील, तर त्यांच्यामागे वेळ घालवू नका. जोरात ब्रेक मारताना किंवा जंप शॉटला (बॉल उडवून मारायच्या फटक्याला) बॉल कापडावर आपटतो, घर्षणाने तिथले धागे भाजतात, आणि तेच ठिपके होऊन राहतात. ती घाण नाही, ते पुसून जाणार नाहीत.

चौथ्या कोपऱ्याकडे नीट बघा. पॉकेटमधून बॉल आपोआप एका बाजूला गोळा होतात अशी टेबलं असतील, तर आतल्या नळ्या बऱ्याचदा बसवल्यापासून कोणी उघडलेल्या नसतात. धुतलेला बॉल पहिल्याच पॉटनंतर त्या नळीतून गडगडत येतो आणि बाहेर पडतो तेव्हा पुन्हा मळलेला असतो. बॉल धुऊनही फरक पडत नाही असं जिथे म्हणतात, तिथे मी आधी नळीत फडकं घालायला सांगतो. जाळीच्या पॉकेटांमध्ये हा त्रास कमी असतो, पण पॉकेटच्या चामड्यावर थर चढतोच.

ही धूळ साधी खडूची नाही

फळ्यावरच्या खडूशी याचा संबंध फक्त नावापुरता उरला आहे. एकेकाळी टिपला खरोखरच खडू लावत. 1897 मध्ये अमेरिकेत विल्यम स्पिंक्स हा बिलियर्ड्सपटू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनतज्ज्ञ यांनी नवीन मिश्रणाचं पेटंट घेतलं, आणि आजचा चॉक त्याच वाटेने आलेला आहे. त्यात सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे कठीण कण असतात, म्हणजे पॉलिश पेपरवर असतात त्याच जातीचे. टिप बॉलवरून घसरू नये म्हणून असे खरखरीत कण हवेतच. पण टिपवर उपयोगी पडणारा तोच कण कापडाच्या धाग्यांत बसला, की बॉल त्यावरून गेला की धागा झिजतो आणि बॉलची चकाकीही हळूहळू जाते. कापड निळं दिसतं हे दुय्यम आहे. ते आतून कापलं जात असतं, हे मालकांनी लक्षात घ्यावं. कापडाचा खर्च त्यांचाच असतो.

किक: एका ठिपक्याची करामत

खेळणाऱ्यांना टेबलाच्या सफाईचं महत्त्व सांगून पटत नाही, पण किक, म्हणजे दोन बॉल आदळताना चॉकच्या ठिपक्याने होणारा घात, दाखवली की लगेच पटतं.

आठ नंबरचा बॉल मधल्या पॉकेटसमोर आहे, थोडासा कट (बॉलला कडेवर मारून बाजूला वळवणं) हवा आहे, शॉट हळू खेळायचा आहे. तुम्ही बरोबर खेळता. पण दोन बॉल जिथे एकमेकांना टेकतात, नेमक्या त्या बिंदूवर क्यू बॉलवरचा चॉकचा ठिपका येतो. आवाज वेगळाच येतो, नेहमीच्या खणखणीत टकऐवजी बोदा. आठ नंबर कापडावरून किंचित उडतो, हवा तितका कट न घेता क्यू बॉलच्या दिशेने ओढला जातो आणि पॉकेटच्या कडेला जाड लागतो. क्यू बॉलही ठरलेल्या जागी जात नाही. धक्क्याच्या त्या क्षणी दोन बॉलमधलं घर्षण नेहमीपेक्षा कितीतरी वाढलेलं असतं, हे त्याचं कारण.

जोराच्या शॉटला हे कमी जाणवतं. हळू आणि अर्धवट कटाच्या शॉटला जास्त जाणवतं. म्हणजे नेमका निर्णायक वेळी, सांभाळून खेळताना घात होतो. स्नूकरच्या मोठ्या सामन्यांत खेळाडू पंचांना बॉल पुसून द्यायला सांगतात आणि पंच पांढऱ्या हातमोज्यांनी तो उचलून, पुसून, जागच्या जागी ठेवतात. तो दिखावा नाही, याच ठिपक्यासाठी चाललेली खटपट आहे. फिनलंडच्या टाओम चॉकला स्नूकरच्या व्यावसायिक खेळाडूंनी पसंती दिली तीही बॉलवर खुणा कमी राहतात आणि किक कमी बसते म्हणून. पण पार्लरमध्ये एका टेबलावर दिवसभरात वीसेक लोक खेळतात. तिथे एकट्याने महागडा चॉक वापरून बॉल स्वच्छ राहणार नाही.

चॉक कुठे आणि कसा लावायचा

सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे. बहुतेक जण टेबलाला खेटून उभे राहतात, क्यू उभा धरतात, टिप छातीशी आणून चॉक तिच्यावर गरागरा फिरवतात. डोळे पुढच्या शॉटवर आणि धूळ थेट कापडावर. दिवे टेबलाच्या बरोबर वर असतात, त्यामुळे उजेडात ही भुकटी खाली तरंगताना स्पष्ट दिसते. एकदा बाजूला उभं राहून बघाच.

रीत अशी असावी. टेबलापासून एक पाऊल मागे या आणि पाठ किंवा खांदा टेबलाकडे करा. क्यू तिरका धरा, टिप रेलच्या उंचीखाली आणा, म्हणजे जे पडेल ते जमिनीवर. चॉक टिपच्या कडेवरून मध्याकडे हलकेच ओढा, आणि क्यू दुसऱ्या हाताच्या बोटांत थोडा थोडा फिरवत राहा. चार-पाच फटकारे पुरतात. मग टिप उजेडात धरून बघा. कडेला कुठे चामडं चकाकत असेल तर तिथेच आणखी एक फटकारा. साइड किंवा ड्रॉ मारताना (बॉलला बाजूची किंवा उलटी फिरकी देताना) बॉलला टिपची कडच लागते, मधला भाग नाही. म्हणून चॉक कडेला नीट हवा.

गरागरा फिरवण्याने चॉकच्या मधोमध खोल खड्डा पडतो. तसला चॉक टिपच्या खालच्या पांढऱ्या नळीला घासत राहतो, ती निळी होते, आणि जिथे हवा तिथे चॉक बसतच नाही. खोल खड्ड्याचा चॉक दिसला तर सरळ बदला.

लावून झाल्यावर टिपवर फुंकर मारायची सवय असेल तर तोंड टेबलापासून वळवा. क्यू रेलवर आपटून जादा चॉक झाडणं तर पूर्ण बंद. अंगठ्याने टिप पुसणंही टाळा, कारण तोच हात पुढच्या क्षणी ब्रिज करायला, म्हणजे क्यूला आधार द्यायला, कापडावर टेकतो आणि बोटांचे निळे ठसे उमटतात.

चॉक खाली ठेवताना निळी बाजू वर. पालथा ठेवला तर रेलवर चौकोनी निळा शिक्का बसतो. पुढचा माणूस तिथे हात टेकतो, बाही मळते, आणि तीच बाही वाकताना कापडाला पुसली जाते. आणि टेबलाचा चॉक खिशात घालून घरी जाऊ नका. बरेच जण विसरून नेतात हे मान्य, पण टेबलावर एकच झिजलेला तुकडा उरला की लोक तो जोर लावून घासतात आणि भुकटी दुप्पट पडते.

मालकांना माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: चॉक टेबलाच्या रेलवर ठेवूच नका. क्यूच्या स्टँडजवळ किंवा बाजूच्या स्टुलावर वाटीत ठेवा. चॉक जिथे असतो तिथेच माणूस तो लावतो. त्याला दोन पावलं मागे जावं लागलं की अर्धी धूळ आपोआप जमिनीवर जाते, कोणाला काही सांगावं लागत नाही. चॉकचा रंगही कापडाला जुळता घ्या. निळ्या कापडावर लाल चॉक वापरणारे हौशी मालक मी पाहिले आहेत, आणि आठवड्यात त्या कापडाची जांभळी रया होते.

जास्त चॉक लागतोय? टिप बघा

काही जण प्रत्येक शॉटआधी भरभरून चॉक लावतात आणि तरी मिसक्यू होतो, म्हणजे टिप बॉलवरून घसरते. त्यांची टिप बहुधा सपाट झालेली किंवा गुळगुळीत घट्ट झालेली असते. अशा चामड्यावर चॉक टिकत नाही, पहिल्याच धक्क्याला झडतो. टिप हलकी खरवडून, गोलाई परत आणून घ्या. पार्लरच्या क्यूंची टिप महिन्यातून एकदा तरी कोणीतरी बघायला हवी.

शिवाय बॉलच्या मध्यापासून त्रिज्येच्या साधारण निम्म्यापेक्षा जास्त बाहेर मारलं, तर कितीही चॉक असला तरी टिप घसरणारच. पूलचा बॉल 57.15 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे मध्यापासून जेमतेम 14 मिलिमीटरपर्यंतच जागा आहे. त्यापलीकडचा मिसक्यू हा चॉकचा दोष नाही.

सांगायचं कसं

हा भाग अवघड आहे, कारण समोरचा अनोळखी असतो, पैसे देऊन खेळत असतो, आणि हरणाऱ्याने टेबलाचं बिल भरायचं असेल तर वातावरण आधीच तापलेलं असतं. त्याच्या शॉटच्या वेळी बोलू नका. फ्रेम म्हणजे डाव संपल्यावर, रॅक लावताना (बॉल त्रिकोणात मांडताना) सहज म्हणावं, “दादा, चॉक जरा इकडे येऊन लावा ना, बॉलवर पडला की किक बसते.” कारण जोडून सांगितलं की राग येत नाही. बहुतेकांना हे कोणी कधी सांगितलेलंच नसतं. “अरे हो का? मला वाटलं टेबलच खराब आहे,” हेच उत्तर मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं आहे.

शाळा-कॉलेजातली मुलं असतील तर एकदा करून दाखवा. दोन दिवसांनी तीच मुलं नव्या मुलांना दटावताना दिसतात.

जिमखान्यांत हे मार्कर, म्हणजे टेबलं सांभाळणारे कर्मचारी, बघतात. बिलियर्ड्स-स्नूकरचं टेबल सकाळी ब्रश करून, इस्त्री फिरवून तयार ठेवणं, चॉकवर लक्ष ठेवणं, सदस्याला मर्यादेत राहून टोकणं, हे सगळं त्या कामात येतं, आणि जुन्या मार्करचा शब्द सदस्यही मानतात. पार्लरमध्ये तसा माणूस नसतो. एकच मुलगा तासाचा हिशेब, थंडा, रॅक आणि सफाई सगळं बघतो. त्याच्याकडून जिमखान्याची अपेक्षा ठेवून त्याच्यावर ओरडणं मला अजिबात पटत नाही. तिथे ही जबाबदारी रोज येणाऱ्या खेळाडूंनीच उचलली पाहिजे.

बॉल धुणं

क्रम महत्त्वाचा: आधी बॉल, मग कापड. मळके बॉल स्वच्छ कापडावर टाकले तर तासाभरात मेहनत वाया.

टबाच्या तळाशी जाड टॉवेल अंथरा, म्हणजे बॉलला टवके उडणार नाहीत. कोमट पाणी आणि भांड्यांच्या सौम्य लिक्विड साबणाचे काही थेंब. सोळाही बॉल मऊ फडक्याने चोळा, साध्या पाण्यातून काढा आणि पूर्ण कोरडे करा. ओलसर बॉल टेबलावर गेला तर चॉकचा चिखल होतो. धावत्या पार्लरमध्ये आठवड्यातून एकदा धुणं आणि रोज मायक्रोफायबरच्या कोरड्या फडक्याने पुसणं, एवढं पुरतं. क्यू बॉलला मात्र दर दोन-तीन तासांनी फडकं लावा. चॉक थेट त्यालाच लागतो आणि बाकीच्यांना तोच वाटतो.

गाडीचं पॉलिश, सिलिकॉनचा स्प्रे, टूथपेस्ट, थिनर यांतलं काहीही लावू नका. पॉलिशचा थर पहिले काही तास बॉल छान घसरवतो, मग तो कापडात उतरतो आणि त्यावर धूळ चिकटते. टूथपेस्ट बॉल घासून निस्तेज करते. बेल्जियमच्या आरामिथसारखे फिनॉलिक रेझिनचे बॉल कठीण असतात, त्यांच्यावर चॉक कमी धरतो. स्वस्त पॉलिएस्टरचे बॉल लवकर ओरखडतात आणि त्या ओरखड्यांत निळा रंग बसतो. धुऊनही बॉल निळसर राहत असतील तर बहुधा हेच झालेलं आहे.

खेळणाऱ्यांसाठी एक सोपी सवय: फाउलनंतर क्यू बॉल हातात मिळाला की ठेवण्याआधी पुसून घ्या. खिशात छोटं फडकं असलं की झालं. खेळ चालू असताना टेबलावरचा बॉल मात्र पुसायला उचलू नका, तो फाउल धरला जाईल. समोरच्याशी आधी ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी.

कापड

पूलचं चांगलं कापड बिनलवेचं, घट्ट विणीचं असतं. बेल्जियमच्या सिमोनिसचं 860 हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. स्नूकरच्या आणि छोट्या इंग्लिश पूलच्या टेबलांवर लव असलेलं कापड असतं. लवेच्या कापडावर ब्रश नेहमी एकाच दिशेने, बॉक म्हणजे डी (आखलेला अर्धगोल) असलेल्या टोकाकडून काळ्या बॉलच्या टोकाकडे. उलटा फिरवला तर लव विस्कटते आणि हळू जाणारा बॉल वाकडा पळतो. बिनलवेच्या कापडावर दिशेचं बंधन तितकं नाही, पण गोल गोल घासू नका. लांब, सरळ हात मारा.

सुरुवात कुशनच्या, म्हणजे बॉल आपटतो त्या कडेच्या रबरी पट्टीच्या, खालच्या खाचेपासून करा, सगळ्यात जास्त चॉक तिथेच साचतो. तिथली धूळ बाहेर ओढा आणि व्हॅक्यूमने उचला. नुसता ब्रश मारून ढीग पॉकेटमध्ये लोटला की तो नळीत जातो आणि बॉलबरोबर परत येतो. व्हॅक्यूमचा फिरता ब्रश काढून ठेवा आणि कापड वर ओढलं जाईल इतका जोर लावू नका.

ओल्या पोछ्याने टेबल पुसणं हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा चुकीचा उपाय आहे. चॉकची पेस्ट होऊन ती विणीत खोल शिरते, आणि वाळली की ब्रशनेही निघत नाही. थंड्याच्या बाटल्यांचं पाणी टेबलावर टपकतं तिथेही हेच होतं, म्हणून बाटली रेलवर ठेवू द्यायची नाही.

पावडर आणि पावसाळा

मुंबईत आणि कोकणपट्टीत घामाने हात क्यूला चिकटतो, म्हणून लोक तळहातावर टाल्कम पावडर ओततात. ती ब्रिजच्या हातातून कापडावर सांडते, आणि चॉक व घाम यांच्यात मिसळून जो राखाडी थर होतो तो निव्वळ चॉकपेक्षा चिवट असतो. तीन बोटांचा हातमोजा यावर सगळ्यात चांगला. तो नसेल तर हात साबणाने धुऊन कोरडे करा आणि क्यूचा दांडा कोरड्या सुती फडक्याने जोरात घासून घ्या. पावडर ठेवायचीच असेल तर डबा टेबलापासून लांब आणि चिमूटभर.

पावसाळ्यात चॉकही दमट होतो आणि त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत बसतो. मग लोक जोर लावतात आणि पापुद्रे पडतात. रात्री सगळे चॉक झाकणाच्या डब्यात ठेवा.

एवढं करूनही निळं येत असेल तर

बॉल धुतले, नळ्या साफ केल्या, चॉक टेबलापासून दूर नेला, आणि तरीही पांढरं फडकं कापडावर दाबलं की निळं होतंय, तर वर्षानुवर्षांची भुकटी कापडातून खाली स्लेटपर्यंत, म्हणजे टेबलाच्या दगडी तळापर्यंत, गेलेली आहे. बॉल कापडावर दाबला गेला की ती थोडी थोडी वर येते. अशा वेळी कापड बदलावंच लागतं. पण बदलणाऱ्या कारागिराजवळ उभं राहा. जुनं कापड निघाल्यावर स्लेट आधी व्हॅक्यूमने आणि मग कोरड्या फडक्याने पूर्ण साफ झाली पाहिजे, स्लेटच्या जोडांमधले उंचवटे बोटाने तपासले पाहिजेत, आणि कुशनचं कापडही त्याच वेळी बदललं पाहिजे. पैसे वाचवायला कुशनचं जुनंच ठेवलं, तर त्यातला चॉक पहिल्याच दिवसापासून नव्या कापडावर उतरायला लागतो.